खुणा आणि हात

डॉ. कमल रणदिवे यांच्यावर मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात ठरावीक टप्पे भेटतात. १९१७ साली पुण्यात जन्म. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने वैद्यक शिकावे ही त्यांची इच्छा आणि मुलीचा ओढा वनस्पतिशास्त्राकडे. लग्नानंतर मुंबई, परळचे टाटा स्मारक रुग्णालय, डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे मार्गदर्शन, १९४९ ची मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. पुढे उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावरचे काम, कुष्ठरोगाच्या लशीचा प्रयत्न, भारतीय महिला वैज्ञानिक संघटना, १९८२ चे पद्मभूषण. या सगळ्यात एक वाक्य हटकून असते: डॉक्टरेटनंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. (आडनाव आपल्याला गमतीचे वाटले तरी उच्चार असाच आहे.)

लेखक हे वाक्य लिहून पुढे जातात. मला मात्र त्याच्यापाशी थांबावेसे वाटते. कारण याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून काढलेल्या पेशी काचपात्रात जगल्या, वाढल्या आणि वाढतच राहिल्या. त्या हेला पेशी. बाईंना कोणी विचारले नव्हते. त्या त्याच वर्षी ऑक्टोबरात वारल्या आणि घरच्यांना ही गोष्ट वीसेक वर्षांनी कळली. माणसाच्या पेशीच्या आत कोण कोणाला काय निरोप देतो, याचा पहिला मोठा नकाशा २००६ साली निघाला तो याच पेशींवरून. आणि सस्तन प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर जगवण्याची विद्या त्या प्रयोगशाळेतून परळला आणणारी बाई मराठी होती. रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे १९५२ साली खानोलकरांनी उभारलेल्या संस्थेत, ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली म्हणून ओळखली जाते.

हा निरोपांचा नकाशा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. मी भिवंडीत राहतो. शिक्षण वाणिज्य शाखेचे. पोट भरले ते यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब लिहून. जीवशास्त्र शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि नंतर जुने शोधनिबंध मिळतील तसे वाचून. त्यामुळे मला ही गोष्ट आमच्या गावच्या भाषेतच नीट कळते. मागावरून उतरलेला तागा तपासणीच्या टेबलावर येतो. तपासणारा जागोजाग खडूने खूण करतो. कापड तेच असते. पण खूण पडली की त्या ताग्याचे पुढे काय होणार हे बदलते. कोणता रफूला, कोणता परत, कोणता थेट गाडीत. नंतर कोणी ती खूण पुसूनही टाकतो.

पेशीतल्या प्रथिनांवर अशीच खूण पडते, फॉस्फेटची. एटीपी या रेणूला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. त्यांतला शेवटचा काढून एखाद्या प्रथिनाच्या ठरावीक जागी चिकटवणारे जे विकर, ते कायनेज. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे तो चिकटला की प्रथिनाचा आकार थोडा वळतो आणि ते जागे होते, झोपी जाते, दुसऱ्या प्रथिनाला जाऊन बिलगते किंवा नष्ट होण्याच्या वाटेला लागते. खूण पुसणारी विकरे वेगळी, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. पेशी कधी वाढावी, कधी दुभंगावी, कधी मरावी हे बव्हंशी अशा खुणांवर ठरते. कोणत्या कायनेजने कोणत्या प्रथिनाच्या कोणत्या जागी खूण केली, याची संपूर्ण यादी म्हणजे तो नकाशा.

गंमत अशी की खूण माणसाला फार आधी सापडली होती. दुधातल्या केसीनमध्ये फॉस्फरस असतो हे स्वीडनच्या ओलोफ हॅमरस्टेन यांनी १८८३ मध्ये दाखवले. अंड्याच्या बलकातल्या प्रथिनात तो आहे हे फीबस लेव्हीन यांना १९०६ मध्ये आढळले. पण दूध काय आणि बलक काय, दोन्ही पिलांचे अन्न; तेव्हा हा फॉस्फरस हाडांसाठी बांधून दिलेली शिदोरी असणार असाच समज झाला. तो मोजण्याची निळ्या रंगाची सोपी रीत १९२५ साली आली, फिस्के आणि आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. सबंध देशातल्या जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांनी ती हाताने केलेली आहे. खूण मोजता येत होती. तिला अर्थ आहे हे मात्र कोणाच्या मनात नव्हते.

तो अर्थ सापडला सिएटलमध्ये, एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना, १९५५ च्या सुमारास, आणि तोही गाळणकागदामुळे. स्नायूतले एक विकर दोन रूपांत असते, एक कामसू आणि एक सुस्त. कोरी पती-पत्नींनी दिलेल्या कृतीत स्नायूचा अर्क कागदातून गाळायचा होता. या दोघांनी तो कागदाऐवजी यंत्रात गरगर फिरवून स्वच्छ केला, तर कामसू रूप मिळेचना. पुन्हा कागद वापरला, पुन्हा मिळाले. शेवटी उमगले की कागदात कॅल्शियमचा अंश होता. त्याने अर्कातले दुसरे एक विकर जागे होत होते आणि ते सुस्त रूपाला फॉस्फेट जोडत होते. म्हणजे फॉस्फेट ही शिदोरी नव्हती, ती कळ होती. त्याआधी वर्षभर, १९५४ मध्ये, युजीन केनेडी आणि बर्नेट यांनी केसीनला फॉस्फेट जोडणारे विकर नोंदले होते. पण ते कशासाठी, हे तेव्हा सांगता आले नव्हते. फिशर आणि क्रेब्स यांना नोबेल मिळायला १९९२ उजाडले.

ही खूण दिसायला हवी तर फॉस्फरसच चमकता हवा. इथे मुंबईचा दुसरा धागा येतो, आणि तो माझ्या मते पहिल्याइतकाच मोलाचा आहे. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, ऑगस्ट १९५६ मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस, १९८५ मध्ये ध्रुव. साध्या गंधकावर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातून फॉस्फरस-३२ मिळतो. तो किरणोत्सारी असतो आणि दर सव्वाचौदा दिवसांनी निम्मा होतो. परदेशातून मागवला तर विमानतळावरच्या कागदपत्रांत अर्धा संपायचा. असा माल जवळ तयार होणे ही चैन नव्हती, गरज होती. शिवाय १९६२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था मिळून टाटा स्मारक केंद्र झाले. भट्टी आणि कर्करोगाची प्रयोगशाळा एकाच खात्याच्या छताखाली आल्या. अणुबॉम्बच्या चर्चेत आपण हे साफ विसरतो. पुढे १९८९ साली समस्थानिकांसाठी स्वतंत्र मंडळ झाले, त्याचे मुख्यालय वाशीला; आणि फॉस्फरस-३२ जोडलेले एटीपी त्याच मंडळाच्या हैदराबादच्या जोनाकी या केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांत जाऊ लागले.

प्रयोग असा. शुद्ध केलेले कायनेज, शुद्ध केलेले प्रथिन आणि किरणोत्सारी एटीपी एका इवल्या कुपीत. जाड पारदर्शक ॲक्रिलिकच्या पडद्याआडून हात घालायचे, शेजारी मोजणीयंत्र टिकटिक करत असते. मग प्रथिने जेलमध्ये वेगळी करून त्यावर क्ष-किरणाची फिल्म ठेवायची आणि अतिथंड कपाटात रात्रभर सोडायची. सकाळी काळा पट्टा उमटला तर हात आणि खूण यांची एक जोडी मिळाली. कित्येक दशके नकाशा असा एकेक पट्ट्याने पुढे सरकला.

यातली खोच अशी की कुपी म्हणजे पेशी नव्हे. समोर ठेवाल त्या ताग्यावर तपासणारा खूण करील. पण तो तागा कारखान्यात त्याच्या टेबलावर कधी येतो का? पेशीत कायनेज एका कोपऱ्यात आणि प्रथिन दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तर कुपीतली जोडी कागदावरच राहते. म्हणून जिवंत पेशी हव्यात, शरीराबाहेर वाढवलेल्या, हव्या तितक्या, एकसारख्या. रणदिवे यांच्या पिढीने अंगावर घेतलेले किचकट काम इथे उपयोगी पडते. सदतीस अंश तापमान, रक्तजलमिश्रित पोषक द्राव, आणि एक बुरशीचा कण शिरला की आठवड्याची मेहनत मोरीत. या कामाला पुरस्कार नसतात.

१९७८ ते १९८० या दोन वर्षांत गोष्टीला वळण मिळाले. कोंबड्यांत गाठ उत्पन्न करणारा एक विषाणू पेटन रौस यांनी १९११ मध्येच दाखवला होता. त्याचे कर्करोगकारी जनुक एक कायनेज बनवते, हे १९७८ मध्ये कळले. तोवर माहीत असलेली कायनेजे सेरीन किंवा थ्रिओनीन या दोन अमिनो आम्लांवरच खूण करीत. कॅलिफोर्नियातल्या टोनी हंटर यांना १९७९ मध्ये तिसरी जागा सापडली, टायरोसीन. त्यांनी वापरलेले द्रावण जुने झाले होते, त्याची आम्लता १.९ वरून १.७ वर उतरली होती, आणि नेमक्या त्या फरकाने एरवी एकमेकांत मिसळणारे दोन ठिपके वेगळे पडले. नवे द्रावण करण्याचा आळस विज्ञानाला असा क्वचितच लाभतो. टायरोसीनवरच्या खुणा फार थोड्या असतात, पण वाढीचे निरोप त्यांच्यावरून जातात; त्या बिघडल्या की पेशी बेबंद वाढते.

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, या नव्या समजुतीत अचूक बसला. रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसते हे नॉवेल आणि हंगरफोर्ड यांनी फिलाडेल्फियात १९६० मध्ये पाहिले होते. ते ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनते हे जॅनेट राऊली यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले. तुकडे जुळतात तिथे बीसीआर-एबल नावाचे जोडप्रथिन तयार होते आणि ते टायरोसीन कायनेज असते. खूण करणारा हात, पण न थांबणारा. बासेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लिडन आणि सहकाऱ्यांनी या हाताच्या मुठीत जाऊन बसेल असा रेणू बनवला, ओरेगॉनचे ब्रायन ड्रुकर यांनी तो रुग्णांपर्यंत नेला. पुरेशी मात्रा मिळालेल्या पहिल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. औषधाचे नाव इमॅटिनिब. कमल रणदिवे त्याच वर्षी वारल्या.

औषध आले आणि प्रश्न पैशाचा झाला. नोवार्टिसचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांचे, भारतीय कंपन्यांचे तेच ८ ते १० हजारांचे. कंपनीने १९९८ साली चेन्नईत पेटंटसाठी अर्ज केला होता, तो २००६ मध्ये फेटाळला गेला. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयात कंपनीचे अपील नाकारले. वाद मूळ रेणूवर नव्हता, तो आधीच जाहीर झालेला होता. वाद होता त्याच्या क्षाराच्या एका स्फटिकरूपावर, आणि पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते की जुन्या पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी असेल तरच त्याला पेटंट. कंपनीचे म्हणणे होते की बहुसंख्य भारतीय रुग्णांना आपण औषध फुकट देतोच. काहींना ते मिळत होते हेही खरे. तरी माझ्या मते निकाल योग्य झाला. रोज आयुष्यभर घ्यायची गोळी कोणाच्या औदार्यावर अवलंबून राहू नये. आमच्या भिवंडीभोवती माणकोली, वळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामांच्या रांगा आहेत, त्यांतल्या काहींत औषधांची खोकी रचलेली असतात. त्या पट्ट्यातून जाताना मला या निकालाची आठवण होते.

इमॅटिनिबच्या यशाने सर्वांनाच वाटले की आता एकेक हात शोधायचा आणि एकेक रेणू बनवायचा. मानवी जनुकसंचाचा मसुदा हाती आल्यावर २००२ मध्ये जेरार्ड मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी कायनेजांची मोजदाद केली: ५१८. माणसाच्या जनुकांतला जेमतेम पन्नासावा वाटा. म्हणजे हातांची हजेरी लागली.

चार वर्षांनी खुणांचीही लागली. जर्मनीतील मथायस मान यांच्या गटाने हेला पेशींना वाढीचा एक निरोप दिला, ईजीएफ नावाच्या प्रथिनाचा, आणि शून्य ते वीस मिनिटांत काय बदलते ते टिपले. किरणोत्सारी फॉस्फरस इथे मुळीच नव्हता. फॉस्फेट जोडला की प्रथिनाच्या तुकड्याचे वजन ८० एककांनी वाढते. मास स्पेक्ट्रोमीटर हा अत्यंत नाजूक तराजू ते ओळखतो. खूण असलेले तुकडे आधी टायटॅनियम डायऑक्साइडच्या मण्यांवर वेचून घेतले. निघाल्या २,२४४ प्रथिनांवरच्या ६,६०० खुणा. त्यांत सेरीनवरच्या सुमारे ८६ टक्के, थ्रिओनीनवरच्या १२, आणि टायरोसीनवरच्या दोनाहूनही कमी. निरोप मिळताच १४ टक्के खुणा निदान दुप्पट बदलल्या. काही एका मिनिटात, काही सावकाश. एकेका काळ्या पट्ट्यासाठी रात्र काढणाऱ्यांना हे वाचून काय वाटले असेल?

पण तराजू खूण दाखवतो, हात दाखवत नाही. टेबलावर सहा हजार सहाशे खडूच्या खुणा पडल्या आहेत, तपासनीस ५१८ आहेत, आणि कोणती कोणाची हे लिहिलेले नाही. तेव्हापासून खुणांची संख्या लाखाच्या पलीकडे गेली. हात ओळखता आलेल्या खुणा त्यांतला अगदी लहान भाग आहेत. लोकप्रिय लेखांत ‘पेशीचा नकाशा पूर्ण झाला’ असे वाचतो तेव्हा मला म्हणूनच राग येतो. गावे दाखवली आहेत, रस्ते नाहीत.

रस्ते शोधण्याचे दोन मार्ग झाले. एक निव्वळ वाचनाचा. डॉ. अखिलेश पांडे यांच्या पुढाकाराने बंगळुरूला इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स सुरू झाली. तिथे जीवशास्त्र शिकलेल्या तरुणांनी हजारो शोधनिबंध वाचून कोणते प्रथिन कोणाशी बोलते याच्या नोंदी हाताने केल्या. मानवी प्रथिनांचा हा कोश २००३ मध्ये खुला झाला. हिशेबनिसाच्या वृत्तीचे काम आहे हे, आणि माझी त्याच्याशी नाळ जुळते ती त्यामुळेच. दुसरा मार्ग हातांची सवय ओळखण्याचा: कोणते कायनेज खुणेच्या मागे-पुढे कोणती अमिनो आम्ले पसंत करते. लुईस कँटली, मायकेल याफ आणि बेंजामिन टर्क यांच्या गटांनी २०२३ मध्ये सेरीन-थ्रिओनीनवर काम करणाऱ्या ३०३ कायनेजांच्या अशा सवयी एकत्र प्रसिद्ध केल्या. अक्षरावरून लेखनिक ओळखावा तसे हे. मात्र दोन लेखनिकांचे वळण सारखे असले की पुन्हा पंचाईत, आणि कुपी-पेशीची जुनी अडचण आहेच. खूण वाचणारे वेगळेच असतात, तो आणखी एक पदर: १४-३-३ या आकडेवारी नावाची प्रथिने सेरीनवरची खूण ओळखून तिथे बिलगतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे परळच्या संशोधन संस्थेच्या आजच्या घरी, डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने त्यांच्यावर बरीच वर्षे काम केले आहे.

हात माहीत नसण्याची किंमत रुग्ण मोजतो. इमॅटिनिब घेणाऱ्या काहींत त्या न थांबणाऱ्या कायनेजातले ३१५ क्रमांकाचे थ्रिओनीन बदलून आयसोल्यूसीन होते, रेणूला मुठीत जागाच उरत नाही. ही निदान ओळखीची अडचण आहे, तिच्यासाठी दुसरी औषधे निघाली. काहींत मात्र तसा बदल काहीच नसतो आणि तरी गोळी लागू पडत नाही. निरोप दुसऱ्याच हातांनी जाऊ लागलेला असतो. कोणत्या, ते शोधायला नकाशावर रस्ता हवा.

फुप्फुसाच्या कर्करोगाचेही असेच आहे. ईजीएफचा निरोप झेलणारे जे प्रथिन, ईजीएफआर, ते स्वतः टायरोसीन कायनेज आहे. त्यात ठरावीक बिघाड असला तर गोळीने गाठ आक्रसते. नसला तर ती गोळी जवळजवळ व्यर्थ. पाश्चात्त्य रुग्णांत हा बिघाड दहा-पंधरा टक्क्यांना, पूर्व आशियात त्याच्या दुपटीहून अधिकांना. आपल्याकडचे प्रमाण परक्या आकड्यांवरून कसे ठरवणार? टाटा स्मारक केंद्रातल्या डॉ. अनुराधा चौगुले, डॉ. अमित दत्त, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ९०७ भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या. २०१३ मध्ये, म्हणजे न्यायालयाचा निकाल आला त्याच वर्षी, त्यांनी आकडा प्रसिद्ध केला: २३ टक्के. दोन्ही जगांच्या मधोमध.

उरलेल्या ७७ टक्क्यांत खूण करणारा हात कोणता? दत्त यांच्या खारघरच्या गटाने पुढे फुप्फुसाच्या अशाच गाठींत आणखी एका टायरोसीन कायनेजमधले, एफजीएफआर-३ मधले बदल शोधले आणि ते औषधाला दाद देतात असे २०१७ मध्ये दाखवले. हे बदल थोड्याच रुग्णांत आढळले. बाकीच्यांच्या गाठींचे तुकडे अजून तपासले जात आहेत.